लाटणं लावून ऐकणारे मामा

साऱ्या वऱ्हाडात डी.सी. मोटरची नाडी पाहणारा एकच वैद्य उरलाय आणि तो माझा मामा आहे, हे मी कुठंही छातीठोकपणे सांगतो. आमच्या आजोळी पिढीजात भिक्षुकी. आजोबांनी मामांना सत्यनारायण शिकवायला घेतला आणि ते आर्मेचर, म्हणजे मोटरच्या आतली तारांची गुंडाळी, भरायला शिकून आले. सोवळं मात्र सुटलं नाही. मोटर उघडायची त्या दिवशी आंघोळ केल्याशिवाय ते तिला हात लावत नाहीत. मोटरच्या पोटात तांब्याच्या पट्ट्यांचा एक गोल असतो, कम्युटेटर. त्यावर कार्बनचे ब्रश घासून घासून तांब्याला चॉकलेटी रंग चढतो, आणि तो रंग दिसला की मामांना स्वतःची तब्येत सुधारल्यासारखं वाटतं. अकोटच्या एका तेलगिरणीतल्या ऑपरेटरनं दसऱ्याच्या पूजेसाठी ते तांबं पॉलिश पेपरनं घासून लखलखीत केलं, तेव्हा मामा दोन दिवस धड जेवले नव्हते. त्याला एवढंच म्हणाले, "बाबू, तू मोटर धुतली नाही, तिचं कातडं सोललं."

मामांकडे मीटर आहे, पण त्यांचा विश्वास लाटण्यावर. एक टोक चालत्या मोटरच्या अंगाला, दुसरं कानाला, डोळे मिटलेले. बेअरिंग कोरडं पडलंय की ब्रशची स्प्रिंग सैल झालीय, ते असं ऐकून सांगत. लाटणं मामींचं, त्यांच्या मूर्तिजापूरच्या माहेराहून आलेलं. त्यांनी मामांना तीन नवी लाटणी आणून दिली. मामांना त्यांतून काही ऐकू येईना, म्हणून मामींनी ती शेजारणींना देऊन टाकली आणि बडबड करत तेच जुनं लाटणं गरम पाण्यानं धुऊन पोळ्या लाटत राहिल्या.

गेल्या वर्षी मामांचे कान गेले. ते कबूल करत नव्हते. लोक हल्ली हळू बोलतात म्हणायचे. अशात अकोटच्या त्याच गिरणीतून निरोप आला. मोटर ठिणग्या टाकतेय, आठ दिवसांत ब्रश खातेय. या वेळी दोष सापडला नाही तर ती भंगारात काढून ए.सी. मोटर बसवणार. मामा जायला निघाले. मामी न विचारताच गाडीत बसल्या. गाडी मी चालवत होतो.

मामांनी लाटणं लावलं, डोळे मिटले. बराच वेळ झाला. जागा बदलली, कान बदलला. स्प्रिंगा तपासल्या, त्या ठीक होत्या. पुन्हा लाटणं लावलं. गिरणीचे मालक घड्याळ बघत होते. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

मामींनी पदर खोचला, मामांच्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि स्वतःच्या कानाला लावलं. मग मामांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाल्या, "सुपातले खडे वाजल्यावानी वाजून राह्यलं. टिक टिक."

मामांचे डोळे उजळले. मोटर थांबवून त्यांनी तांब्यावरून नख फिरवलं. दसऱ्याच्या त्या घासण्यानं तांबं झिजून पट्ट्यांमध्ये वीज अडवायला भरलेला अभ्रक वर आला होता आणि त्यावर ब्रश ठेचकाळत होते. हॅक्सॉ करवतीच्या पात्याच्या तुकड्यानं मामांनी तो एकेका फटीतून कोरून काढला. संध्याकाळी मोटर चालू झाली, एकही ठिणगी पडली नाही. परतताना मामी मला म्हणाल्या, "चाळीस वर्सं यायनं मोटरीचंच आयकलं, माहं नाही. आता मोटरीचंबी माह्याच कानानं आयका लागते." मामांना ते ऐकू गेलं नाही. ते खिडकीबाहेर बघत हसत होते.

आता दोघं महिन्यातून एकदा मोटर ऐकायला एस.टी.नं अकोटला जातात, लाटणं मामींच्या पिशवीत असतं. त्या दिवशी मामांच्या अकोल्याच्या घरी गेलं तर त्यांची सून सांगते की आज पोळ्या नाहीत, भाकरीच आहे. मी मुद्दाम त्याच दिवशी जातो. भाकरी खातो आणि दोघं परत येईपर्यंत बसून राहतो.