विहीणबाईंचं ऑडिट

माझ्या मुलीचं पहिलं बाळंतपण माझ्याकडे होणार की नाही, हे एका कुत्र्यावर येऊन अडलं होतं. तिला सातवा महिना लागला होता. तिच्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, फोनवर सरळ सांगितलं, "तुमच्यात कुत्रं घरभर फिरतं म्हणं. मी येऊन बघती, मग ठरवू." देहूचं माळकरी घर त्यांचं, फार सोवळं. तरी मला असा राग आला म्हणून सांगू! माझं घर तपासायला येणार? माझं?

स्वच्छतेच्या बाबतीत माझा दरारा होता हो. महाळुंग्याच्या एका कंपनीत मी रंगवून आलेले गाड्यांचे पार्ट दिव्याखाली धरून तपासते. रंगाखाली एक केस अडकलेला दिसला की पार्ट रिजेक्ट, आणि ज्याच्या हातून झालं त्याची खरडपट्टी. घरीही तेच. जावई पहिल्यांदा आला तेव्हा त्यालासुद्धा पाय धुतल्याशिवाय मी आत घेतलं नव्हतं. नवरा म्हणायचा, "आपल्याकडे माणसांनी उडत यावं, म्हणजे फरशीला त्रास नको."

मग तो कुत्रा आला. तोही ऑडिटमुळेच आला. आमच्याकडे कस्टमरचं ऑडिट असलं की आठवडाभर आधी आम्ही कंपनीभर फिरून त्रुटी लिहून काढतो. गेटजवळ एक कुत्री आणि तिचं पिल्लू असायचं. मीच लिहिलं, 'आवारात कुत्री आहेत, हटवावीत.' दोन दिवसांनी कुत्रीला पोत्यात कोंबून टेम्पोतून कुठंतरी लांब सोडलं. पिल्लू लाकडी फळ्यांखाली दडून बसलं होतं म्हणून वाचलं. त्या ओळीपुढे मी माझ्या हाताने लिहिलं, 'क्लोज', म्हणजे त्रुटी मिटली. ऑडिट पास झालं, पेढे वाटले, आणि संध्याकाळी ते पिल्लू पिशवीत घालून मी कंपनीच्या बसने घरी आणलं. त्याच्या आईला कुठं सोडलं ते मी आजवर कुणाला विचारलेलं नाही. हिंमतच होत नाही.

पहिला महिना मी दिवसातून चार वेळा फरशी पुसली. दुसऱ्या महिन्यात दोन वेळा. पुढे पुढे नुसतं झाडून घ्यायला लागले. एकदा आमटीत केस निघाला, तो मी काढला आणि जेवत राहिले. "केसच आहे, साप नाही," असं माझ्या तोंडून गेलं तेव्हा नवऱ्याचा घास हातातच राहिला. तसल्याच एका केसासाठी मी दिवसभर पार्ट परत पाठवत होते! थंडी पडली तसा तो पलंगाच्या पायथ्याशी झोपायला लागला, आणि मीही सरकून जागा दिली. एक नियम मात्र टिकला. बाहेरून आला की पायपुसण्यावर उभं राहायचं, एकेक पाय वर करायचा, मी पुसायचा, मगच आत.

विहीणबाईंचा रविवार ठरला. मग मी काय केलं? कंपनीत करतो तेच. पडदे, उशांचे अभ्रे, पायपुसणी, झाडून सगळं धुवायला काढलं. चिकटपट्टी लावून सोफ्यावरचा केस न् केस उचलला. बाटलीभर फिनेल ओतून दोनदा फरशी पुसली. त्याची ताटली, गोधडी, पट्टा गोणीत बांधून माळ्यावर टाकलं. आणि रविवारी सकाळी त्याला स्कूटरवर पायाशी उभं करून दापोडीला नवऱ्याच्या मित्राच्या गॅरेजमध्ये नेऊन सोडलं. नवऱ्याचा ओव्हरटाइम होता, म्हणून मीच गेले. मित्र म्हणाला, "भाभी, संध्याकाळपर्यंत सांभाळतो, काळजी नको. पण तो तुमच्याकडेच बघतोय हां." मी मागं वळून बघितलं नाही.

अकराला विहीणबाई आणि माझी मुलगी, दोघी आल्या. विहीणबाई बसल्याच नाहीत. टीव्हीखालच्या फळीवरून बोट फिरवलं, गादीचा कोपरा उचलून बघितला, ओट्याखाली वाकल्या. मी त्यांच्या मागं मागं. मुलगी फिनेलच्या वासाने नाकाला ओढणी लावून सोफ्यावर बसली होती. तिची नजर गोधडीच्या रिकाम्या कोपऱ्यावर गेली.

"आई, तो कुठं..."

"आधी पाणी पी!" मी खेकसलेच.

शेवटी विहीणबाईंनी चहा घेतला. "घर चांगलं ठेवलंय. कुत्रं दिलं म्हणायचं?"

"हो. दिलं."

"कायमचं?"

"कायमचं."

"मग आमची हरकत न्हाई. पुढल्या महिन्यात पोरीला न्यायला या."

जिंकले होते मी. पण मुलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. आणि मला माझंच अक्षर दिसलं, 'क्लोज'. ते पोतं दिसलं, टेम्पो दिसला.

"विहीणबाई, खोटं बोलले मी. त्याला दापोडीला लपवलंय. संध्याकाळी परत आणणार आहे."

त्यांनी कप खाली ठेवला. "पलंगावर चढतंय?"

"चढतो."

"सैपाकघरात येतंय?"

"येतो."

"जेवणात केस?"

"निघतो कधी कधी."

"आई, पुरे गं!" मुलगी ओरडली.

"पुरे कसं? आता सगळंच कळू दे त्यांना!"

अर्धा चहा तसाच ठेवून विहीणबाई उठल्या. "कळवती," एवढंच म्हणून जिना उतरायला लागल्या. मुलगी कठड्याला धरून त्यांच्या मागं गेली. तिने वर बघितलं नाही. मी दारात उभी राहून स्वतःला शिव्या घातल्या. लेकीच्या पहिल्या बाळंतपणावर मीच माझ्या तोंडाने धोंडा घातला होता.

संध्याकाळपर्यंत फोन नाही. मी दापोडीला गेले. तो एका गाडीखाली ऑइलमध्ये लोळून पडला होता. मित्र म्हणाला, "भाभी, सकाळपासून पाणीसुद्धा नाही प्यायला." मला बघून तो उठला, पण शेपूट हलवलं नाही.

घरी आलो. दारात पायपुसणं नव्हतं, वाळत होतं. तरी पायपुसण्याच्या जागेवर तो थांबला आणि काळाकुट्ट पाय वर केला. फडकी सगळी दोरीवर. मी गळ्यातली ओढणी काढली आणि त्याचा पाय पुसायला बसले. तेवढ्यात फोन वाजला.

"सुया टोचल्यात का त्याला?" विहीणबाई.

"सगळ्या. कागद आहे."

"कागद पाठवा पोराच्या मोबाइलवर. बाळाच्या अंथरुणावर चढता कामा न्हाई."

"नाही चढणार."

मग त्या म्हणाल्या, "तुम्ही तसंच खोटं बोलून मला लावून दिलं असतं, तर उद्या बाळाला ताप आला तरी फोनवर 'बरं हाय' म्हणाला असता. आता तसं म्हणणार न्हाई. पुढल्या महिन्यात न्यायला या."

'येते' म्हणून मी फोन ठेवला. तिथंच उंबऱ्यावर बसून मी हमसून हमसून रडले. तो तीन पायांवर ताटकळत उभा होता. मग त्याने दुसरा पाय वर केला.