नॉर्थ बेरिकमधला माझा पायगुण

नॉर्थ बेरिक सोडलं तेव्हा स्टेशनवर पोचवायला एल्सी आली होती. स्टेशन म्हणजे एकच प्लॅटफॉर्म. रूळ तिथंच संपतात. शेजारची ही ऐंशीच्या घरातली बाई म्हणाली, "आता मी दार कुणासाठी उघडणार रे?" तिच्या इंग्रजीत 'रे' नव्हता, पण मला ऐकू आला.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचं हे जुनं गाव. लाल दगडाची घरं, छोटं बंदर, मागे टेकडी आणि समोर समुद्रात एक प्रचंड खडक, उन्हाळ्यात पक्ष्यांनी पांढराशुभ्र होणारा. एके काळी कोळ्यांचं, मग हवा खायला येणाऱ्या श्रीमंतांचं, आणि आता माझ्यासारख्यांचं. सकाळच्या गाडीने अर्धं गाव एडिंबराला ऑफिसला जायचं, संध्याकाळी खारा वारा खात परतायचं.

तिथं एक रीत आहे. नव्या वर्षात उंबरा पहिल्यांदा ओलांडणारा पुरुष काळ्या केसांचा असला, की त्या घराचं वर्ष चांगलं जातं. हातात कोळशाचा तुकडा आणि गोड बिस्किटं घेऊन जायचं. आमच्या गल्लीतले सगळे एकतर पिंगट नाहीतर पिकलेले. त्यामुळे एक जानेवारीला सकाळी मी जाईपर्यंत एल्सी दार उघडायची नाही. पोटची मुलगी बाहेर कुडकुडत असली तरी आतून ओरडायची, "थांब, त्याला येऊ दे!"

आता कित्येक वर्षं कुणाला न सांगितलेलं लिहितो. सोलापुरात मी जन्मलो त्याच महिन्यात बाबा कामाला होते ती गिरणी बंद पडली. आत्या मला पांढऱ्या पायाचा म्हणायची. हसत हसत, पण पाहुण्यांसमोर. मी शिकलो, इंजिनिअर झालो, तरी ते आत रुतून राहिलं. परदेशी गेलो ते करिअरसाठी, असं सगळ्यांना सांगितलं. खरं तर माझी सावली घरावर नको होती. सुट्टीत गेलो तरी आठवड्यात पळ काढायचो. आणि इकडे ही म्हातारी माझ्या पावलांची वाट बघत बसायची. त्या गावावर जीव का जडला, कळलं असेल तुम्हाला.

आता आम्ही अमेरिकेत, मॉरिसव्हिलला. टाउनहाउस, वीकेंडला घरोघरचे डबे जमवून पॉटलक, मराठी शाळा, आणि केसांना डाय. या नोव्हेंबरात एल्सीचा फोन आला. घर विकून ती मुलीकडे चाललीय. त्या दारातलं हे शेवटचं नवं वर्ष. माझी लीव्ह दोनच आठवडे, आणि तिकीट नव्या वर्षाला सोलापूरला आईकडे पोचायचं काढलेलं. आधी एल्सीकडे जातो, हे आईला कसं सांगायचं?

"बाबा, जस्ट टेल आजी!" लेक वैतागून म्हणाली.

व्हिडिओ कॉलवर आईला सगळं सांगितलं, आत्यासकट. पडद्यावरचं चित्र हलेना. मला वाटलं, नेट गेलं.

"हॅलो, आई?"

"हॅलो हॅलो काय करतोस, इथंच आहे. गिरणी मालकानं बुडवली, आणि तू पायाला घेऊन बसलास? एवढा शिकून?" तिने पदराने डोळे पुसले. "तिकडं कोळसा मिळतो का?"

"मिळतो."

"मग जा. त्या बाईला ताटकळत ठेवू नकोस. तिथून इकडं ये."

"पण वर्षाचं पहिलं पाऊल तुझ्याकडे दुसऱ्याच कुणाचं तरी पडेल."

"पडू दे की. दूधवाला येतो, शेजारची मांजर येते. आपलं दार दिवसभर उघडंच असतंय. तू सगळ्यांच्या मागनं आलास तरी चालतंय."