हळद लावलेला कागद

"कायदा म्हणतो, आधीं सांगावं. सांगितलं. आतां पाव किलो साखर दे."

किराणा दुकानात उभं राहून मामा हे अशा थाटात म्हणत, की दुकानदारालाच उधार देण्याचा मान मिळाल्यासारखं वाटावं. नादार माणसानं उधार घेण्याआधी आपली नादारी सांगायची असते. पण ती अशी मिरवलेली तुम्ही कुठं पाहिली नसेल.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मामांचं कॉफी भाजून दळून द्यायचं दुकान होतं. पणजोबा दरबारात होते म्हणे. काय करत होते ते मामांनाही ठाऊक नव्हतं. पण त्या जोरावर गिऱ्हाइकाकडे पैसे मागणं ते कमीपणाचं मानत, आणि स्वतःचं कर्ज फेडणंही. शेवटी त्यांनी कोर्टात नादारीचा अर्ज केला. आमच्याकडे याला 'पिवळी नोटीस दिली' म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली आणतात. मामांनी कधी आणला नाही. वर्गणीवाले आले की म्हणत, "मज काय विचारतां? कोर्टास विचारा."

काही वर्षांनी कोर्टानं त्यांना मोकळं केलं, तेव्हा मात्र मामा एकदम गंभीर झाले. जुनी जागा रिकामीच होती, मालक पुन्हा द्यायला तयार होते. "या वेळीं असकं रोख," मामा मला म्हणाले. आमच्या बोलीत असकं म्हणजे सगळं. "नाहीं तर हिच्या समोर कोण्या तोंडानं बसूं?" मामींनी ही सगळी वर्षं घरोघरी मुरुक्कू, म्हणजे चकल्या, विकून संसार चालवला होता. त्या दिवशी मला मामांची खरी माया वाटली.

पण गुपचूप दुकान उघडतील तर ते मामा कसले! शुभवार्ता छापून वाटायची ठरली. आणि कशात? मराठीत, बाळबोध लिपीत. "आपले लोक आहेत दा, तमिळांत काय म्हणून?" आपले लोक घरात मराठी बोलतात आणि वाचतात तमिळ, हे मामा सोयीनं विसरले. शुभपत्रिका म्हणून चारी कोपऱ्यांना हळद लावली. हात सढळ, कागद पिवळाधमक झाला.

म्हणजे मामांकडून पिवळा कागद आला, आणि त्यावरचं अक्षर कुणाला लागेना. तासाभरात गल्लीभर झालं, "अय्यो, पुन्हा दिली!"

मला वाचता येत होतं. आजोबांनी कान पिळून शिकवलं होतं. मी काय केलं? कागद खिशात घालून शाळेत नेला आणि दोन दिवस स्टाफरूमला हसवलं. तिसऱ्या दिवशी मालकांना खरं काय ते सांगायला गेलो, तोवर जागा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला गेली होती. मामा-मामी त्याच महिन्यात पापनाशमला लेकीकडे राहायला गेले.

परवा पापनाशमच्या बसस्टँडजवळ मामा दिसले. दुसऱ्याच्या कॉफीच्या दुकानात, चक्कीपाशी. मला बळेच बसवलं, पेला हातात दिला.

"कागद मिळाला होता कीं तुज?"

"मिळाला, मामा."

"वाचलास?"

"वाचला."

मामांचा चेहरा उजळला. "असके म्हणत होते, कोणास वाचाया येत नाहीं. मी हिला तेव्हांच म्हटलों, तो वाचील."

मी मान खाली घालून कॉफी प्यायलो. मामांनी पैसे घेतले नाहीत.