आधी उलटं करून बघायचं

असे किस्से कोणी ठरवून जमवत नाही. आमच्या घरातल्या खुर्च्यांसारखंच आहे ते. एक आली, ती एकटी बरी दिसेना म्हणून दुसरी आली, आणि एक दिवस लक्षात आलं की बाल्कनीत जायचं तर आडवं होऊन जावं लागतंय.

खुर्च्या माझ्या नवऱ्याच्या, निरंजनच्या. तो हडपसरला सॉफ्टवेअर कंपनीत. तिथल्याच काही जणांचा एक गट जमला होता. छंद एकच, पन्नास-साठच्या दशकातलं सामान. निमुळत्या पायांची सागवानी टेबलं, वेताच्या खुर्च्या, हाताने घडवलेली मातीची भांडी, जुनी कॅलेंडरं, काडेपेट्यांची लेबलं. नव्वदनंतर अख्ख्या पुण्याने सोफासेट घेतले आणि हे सगळं जिन्याखाली टाकलं. आमच्या मंडळींना आयटीचे पगार सुरू झाले, आणि त्यांनी ते जिन्याखालून परत वर आणलं.

एक आधीच सांगते, कारण तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काही नसायचंच. आमची रेवा अडीच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. ‘आई’सुद्धा नाही. कान तपासून झाले होते, कान उत्तम होते. म्हणजे ऐकू सगळं येत होतं, उत्तर द्यावंसं वाटत नव्हतं. ह्यात चूक माझीच असणार हे मी ठरवून टाकलं होतं. फक्त कुठली, ते सापडत नव्हतं.

*

ह्या लोकांचा पहिला नियम म्हणजे वस्तू हातात आली की आधी उलटी करायची. शिक्का, स्क्रू, जोड, जे काही खरं असतं ते खालच्या बाजूला असतं म्हणे.

शिरीष हा गटातला सगळ्यात जाणकार. नारायण पेठेत माझ्या मावशीकडे एक जुनं शोकेस होतं, ते बघायला त्याला घेऊन गेलो. मावशीने चहा दिला. शिरीषने कप उचलला, बशी उलटी केली, शिक्का बघून खूश झाला, आणि त्याच भरात कपही उलटा केला. भरलेला.

मावशी उठली, आतून फडकं आणलं आणि त्याच्या हातात दिलं. “आमच्याकडे चहा नको असेल तर तोंडाने सांगतात.”

शोकेस तिने शेवटपर्यंत दाखवलं नाही.

*

एका बंद पडलेल्या कारखान्याच्या ऑफिसातून निरंजनने दोन आरामखुर्च्या आणल्या. वेत मूळचा, हात असे उतरते की बघत राहावं. काही दिवसांत रेवाच्या पाठीवर गांध्या उठल्या. मी गोवरापासून सुरुवात करून बऱ्याच पुढच्या आजारांपर्यंत पोचले होते, तेवढ्यात सासूबाई आल्या. चष्मा लावून त्यांनी वेताच्या भोकांत बघितलं.

“ढेकूण.”

मग लेकाकडे वळल्या. “अशाच खुर्च्या आम्ही टाकल्या होत्या, तू शाळेत असताना. ढेकणांसकट टाकल्या, तू ढेकणांसकट परत आणल्यास. मागे काही राहू दिलं नाहीस हो.”

खुर्च्यांना औषध मारलं. मला औषधाची भीती, म्हणून आम्ही तिघं सासूबाईंकडे राहायला गेलो. सोफासेटवर झोपलो. मला तर छान झोप लागली, पण हे निरंजनला सांगितलं नाही.

*

मुक्ता लेबलं जमवायची. एका रविवारी ती आमच्याकडे आली, जेवणाच्या टेबलावर खजिना मांडला, आणि आम्ही चहा गाळेपर्यंत रेवाने त्यातलं एक काडेपेटीचं लेबल खाल्लं. वाघाचं.

मी फोनकडे धावले. जुनी शाई, त्यात काय काय असेल. डॉक्टर फोनवर म्हणाले, “कागद आहे, जाईल.” दुसऱ्या दिवशी मुक्ताचा फोन. “कशी आहे रेवा? पोट साफ झालं का?” तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. माझे डोळे भरून आले. सख्ख्या बहिणीने एवढी चौकशी केली नव्हती.

“झालं गं,” मी म्हटलं. “अगदी व्यवस्थित.”

पलीकडून हळूच, “वाघ दिसला का?”

*

ह्या गटात सगळ्यात मोठी शिवी म्हणजे ‘पाय बदललाय’. म्हणजे वस्तू जुनी खरी, पण एक पाय मोडला म्हणून कोणीतरी सुताराकडून नवा लावून घेतलाय. संपलंच मग.

निरंजनच्या लाडक्या टेबलाखाली शिरीष एकदा टॉर्च घेऊन शिरला. टेबलाखाली रेवा आधीच बसलेली असायची. रविवारी ती तिथेच असे. वरच्या कशालाच हात लावायची परवानगी नव्हती, आणि खाली निदान माणसं भेटायला यायची. शिरीष बराच वेळ आत होता. मग आवाज आला, “निरंजन, पाय बदललाय रे.”

दोघं महिनाभर एकमेकांशी बोलले नाहीत. एकाच कंपनीत, एकाच मजल्यावर. मी मनात म्हटलं, घरात एक अबोल होती ती पुरे नव्हती.

*

शेवटी शनिवार पेठेतल्या एका स्पीच थेरपिस्टची वेळ घेतली. वयस्कर गृहस्थ, मोठं लाकडी टेबल, दोन खुर्च्या. त्यांनी रेवाला चित्रं दाखवली. मांजर. गप्प. केळं. गप्प. खुर्ची. तिने चित्राकडे बघितलं आणि कार्ड उलटं केलं.

“घरात हिच्याशी बोलणं होतं का?” त्यांनी विचारलं.

“हिच्यासमोर होतं,” मी म्हटलं. “हिच्याशी... ‘हात लावू नको’ एवढंच होतं बहुतेक.”

ते लिहीत राहिले. काय लिहितायत ते मला उलटं वाचता येईना. निरंजन खिडकीबाहेर बघत होता. पहिल्यांदाच त्याने एखाद्या खोलीत शिरून खुर्चीकडे नजर टाकली नव्हती.

रेवा माझ्या मांडीवरून उतरली आणि टेबलाखाली गेली. मी ओशाळून म्हटलं, “घरीही अशीच करते.” डॉक्टर म्हणाले, “असू दे, असू दे.”

आणि खालून, अगदी स्पष्ट, जरा कंटाळलेल्या आवाजात आलं, “पाय बदललाय.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. तोंडावर हात ठेवून मी निरंजनकडे बघितलं, तर तो खुर्चीत नव्हता. तो गुडघ्यांवर होता, अर्धा टेबलाखाली. त्याचे खांदे हलत होते. मग आतून त्याचा आवाज आला, घोगरा.

“मागचा डावा. बरोबर आहे तिचं.”