परवा नाही म्हणणाऱ्या बाई

“परवा नाही.” कुणी कितीही चांगलं काम केलं तरी डॉक्टरबाई एवढंच म्हणायच्या. म्हणताना चष्मा काढायच्या आणि समोरच्याकडं न बघता खिडकीकडं बघायच्या. आता तुम्हीआम्ही मराठी माणसं काय समजणार? बाईला आपली फिकीर नाही. मीही पहिली काही वर्षं तसंच समजलो आणि मनातल्या मनात शिव्या घातल्या.

मी गलाईवाला, विट्याकडचा. चौथीत शाळा सुटली. पुढं सोनंचांदी वितळवायला चेन्नईत सौकारपेटला आलो आणि इथलाच झालो. बायकोच्या काळजाची झडप लहानपणच्या तापानं बिघडलेली. मोठ्या सरकारी दवाखान्यात बाईंच्या हाताखाली तिचं औषधपाणी चाले. बाई तिथं प्रोफेसर. त्यांचे वाडवडील तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला गेलेले. मराठी सोबत नेली, पण नंतर तिला नवं काही शिकवलं नाही. वर तमिळचा सूर. बाई “मजला ठाऊक नव्हे” म्हणाल्या की आमच्या हिला हसू आवरायचं नाही. पण त्या हिला अक्का म्हणायच्या, आणि त्या नात्यानं मी भावोजी. एवढी मोठी बाई आपल्याला भावोजी म्हणते म्हटल्यावर शिव्या जरा कमी केल्या.

परीक्षा आली की दवाखान्यातून बोलावणं यायचं. शिकाऊ डॉक्टरांना तपासायला खरा पेशंट लागतो, त्याला तिथं केस म्हणतात. आमची ही नावाजलेली केस. तिच्या छातीत असा काही आवाज होता म्हणे, की ऐकून नीट सांगितला तर पोरगा पास. ही खाटेवर मानानं बसायची, नवीन लुगडं नेसून. इंग्रजी येत नव्हतं, पण आजाराचं इंग्रजी नाव पाठ. ज्या पोरानं आधी नमस्कार केला, बरं आहे का विचारलं, त्याच्या कानात हळूच सांगून टाकायची. जो न बोलता छातीला नळी लावायचा त्याला काही नाही.

एकदा बाईंनी पकडलं. मला वाटलं, झालं, आता केसपण गेली. बाई म्हणाल्या, “विचारतील त्यांस सांगा, अक्का. विचारणं हीच परीक्षा.”

मद्रासचं चेन्नई होऊन काही वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. पोरांना अमेरिकेचं वेड लागलेलं. तिकडच्या दवाखान्यात राबत राबत मोठा डॉक्टर व्हायचं, त्याला रेसिडेन्सी म्हणतात. त्यासाठी नुसते मार्क चालत नाहीत. पोरगं कसं आहे ते शिकवणाऱ्यानं लिहून द्यावं लागतं. नागपूरची एक पोरगी इथं शिकायला होती. आमच्या घरी भाकरी खायला यायची. तिनं बाईंकडं पत्र मागितलं, माझ्या कामाबद्दल लिहाल का म्हणून विचारलं. बाई खिडकीकडं बघून म्हणाल्या, “परवा नाही.”

पोरगी रडत आमच्या हिच्या खाटेशी आली. तेव्हा ही दवाखान्यातच होती. “काकू, पाच वर्षं राबले, आणि मॅडमना माझी पर्वाच नाही.”

माझं डोकं फिरलं. मी पोरीला घेऊन तडक बाईंच्या खोलीत गेलो आणि विचारलं, या पोरीनं तुमचं काय घोडं मारलंय? “परवा नाही म्हटलं की!” बाई म्हणाल्या. मग उलगडा झाला. तमिळमध्ये ‘परवायिल्लै’ म्हणजे वाईट नाही, बरं आहे की. बाईंच्या घरात त्याचंच मराठी करून ठेवलेलं. आणि बाईंच्या तोंडून ते म्हणजे सगळ्यात मोठी शाबासकी. याच्या वरची पायरी त्यांच्याकडं नव्हतीच.

पोरीनं डोळे पुसले आणि पत्रात काय लिहिणार ते विचारलं. बाई म्हणाल्या, “गुड.” पोरीचा चेहरा पुन्हा उतरला. तिकडं सगळ्यांनाच अतिउत्तम म्हणतात, नुसतं गुड म्हणजे हा नको, असं ती चाचरत म्हणाली.

मी म्हटलं, आमच्या धंद्यात बावीस कॅरेटला चोवीस म्हणणाऱ्याच्या दारात कुणी उभं राहत नाही. पोरीनं माझ्याकडं असं बघितलं की मी मागं सरकलो.

बाईंनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, “आजवर सगळ्या चांगल्या पोरांस मी गुडच लिहिलं.” चष्मा पुसत राहिल्या. पण खोटं त्यांना जमेना. जे बघेन तेच लिहीन म्हणाल्या, आणि पोरीला हिच्या खाटेशी नेऊन उभं केलं. “तपास.”

पोरीनं हिला याआधी वीस वेळा तरी तपासलं असेल. पुन्हा नळी लावली, पाय दाबून बघितले. झोप येते का विचारलं. ही म्हणाली, छान येते. सगळ्या डॉक्टरांना ती हेच सांगायची. पोरगी थांबली आणि माझ्याकडं वळली. “काका, घरी काकू झोपते कशी?”

मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, झोपते कुठली, आडवी झाली की दम लागतो, रात्रभर भिंतीला टेकून बसते.

“चुगलखोर मेला,” ही म्हणाली.

बाईंनी तिथल्या तिथं औषध बदललं. मग हिलाच विचारलं, “अक्का, पोर कशी आहे?”

हिनं मान खिडकीकडं वळवली. “परवा नाही.”

बाईंना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. नर्स धावत आली.

पोरीला जागा मिळाली, हे आधीच सांगतो, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. बाईंनी गुडच लिहिलं, पण त्याखाली पेशंटच्या नवऱ्याला विचारल्याची सगळी हकीकत लिहिली. मुलाखतीत तिकडच्या डॉक्टरांनी म्हणे एवढंच विचारलं, की त्या म्हातारीचं पुढं काय झालं. अमेरिकेत आपली चौकशी झाली म्हणून ही सगळ्या चाळीला सांगत सुटली.

पुढं बाई निवृत्त होऊन तंजावरला गेल्या आणि तिथंच वारल्या. गेल्या वर्षी ही पण गेली. घरात आता मीच तेवढा. आठवतो तो पत्र पाठवायच्या आधीचा दिवस.

पत्रात अक्काची गोष्ट आहे, तिला विचारल्याशिवाय कसं पाठवू, म्हणून बाई खाटेशी आल्या. एकेक ओळ आपल्या जुन्या मराठीत सांगत गेल्या. छातीतल्या आवाजाची ओळ आली तशी हिनं थांबवलं. म्हणाली, “सगळ्या गावानं ऐकला. मला मेलीला अजून ठाऊक नाही कसा वाजतो.”

बाईंनी पत्र खाली ठेवलं. गळ्यातली नळी काढून हिच्या कानांत घातली आणि दुसरं टोक हिच्या छातीला लावलं. ही डोळे मिटून ऐकत राहिली.

“एवढा गोंधळ,” ती म्हणाली, “आणि मी याच्यासकट स्वयंपाक करत होते.”

कानांतली नळी काही काढेना. पलीकडं राउंडला पोरं खोळंबली होती. बाई हात न हलवता, हिचं ऐकून होईपर्यंत, तशाच वाकून उभ्या राहिल्या.