सगळ्या भिंती दिसतील अशी जागा

नसरीन मॅडमचा विद्यापीठातला शेवटचा तास शुक्रवारी वेरूळच्या लेण्यांत झाला. त्यासाठी मी सकाळच्या विमानानं चिकलठाण्याला उतरलो. विशीत मी त्यांच्या भूमितीच्या वर्गात होतो. पुढे गणित सुटलं आणि वर्तमानपत्रात लागलो.

विद्यापीठाच्या आवारात बस उभी होती. मॅडम पहिल्या सीटवर. केस पांढरे, आवाज तोच.

"आलास? पोट सुटलं की रे! बस लवकर, तुझ्यापायी पोरं खोळंबलीत."

दौलताबादचा किल्ला मागे पडला. घाटात सीताफळं घेतली, बसमध्ये बियांचा कचरा झाला, ड्रायव्हर चिडला. तेवढ्यात मॅडमनी आपलं संशोधन सांगितलं. अनेक सपाट बाजूंची कुठलीही घनाकृती त्यांच्या पद्धतीनं कापली, तर प्रत्येक तुकड्यात अशी एक जागा असते, जिथून त्या तुकड्याच्या सगळ्या भिंती दिसतात. सिद्धता नुकतीच पूर्ण झाली होती. महिनाअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या. त्यावरचा शोधनिबंध त्याआधी नियतकालिकाकडे पाठवायचा होता.

लेण्यात त्यांनी आमच्या वेळचाच प्रश्न विचारला, "कुठं उभं राहिलं की सगळ्या भिंती दिसतील?" पोरं खांबांमागे पांगली. आम्हीही असेच पांगलो होतो. तेव्हाच्या सोबत्यांपैकी आता कुणाशीच माझा संपर्क नाही.

मग बाहेर कडुनिंबाखाली बसून मॅडमनी काडीनं मातीत सिद्धता मांडली. निम्म्यावर अश्विनी नावाची विद्यार्थिनी उठली.

"मॅडम, थांबा जरा. हे दोन काप एकमेकांना तिरपे गेले तर?"

"तर काय?"

"मधला तुकडा पिळल्यावानी उरतो. त्याच्या आतून सगळं नाय दिसत."

"अगं, रिटायर तरी होऊ दे त्यांना!" मागून एक जण म्हणाला. सगळे हसले.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही काप मातीत तिरपे ओढून पाहिले. मग काडी अश्विनीच्या हातात देऊन तिच्या जागी मांडी घालून बसल्या. चूक दाखवणाऱ्यानं शिकवायचं आणि मॅडमनी ऐकायचं, हा त्यांच्या वर्गाचा जुना नियम. आमच्या वर्गात ती पाळी कुणावर आली नव्हती.

"दाखव बेटा. घाई नको."

अश्विनीनं तुकडा काढला. मॅडमनी तीनदा हरकत घेतली, तीनदा ती टिकली नाही. "बराबर आहे," त्या म्हणाल्या.

जेवायला पिठलं-भाकरी होती. मॅडमच्या ताटातली भाकरी तशीच राहिली.

"निबंध पाठवणार?" मी विचारलं.

"खोटा ठरला ना तो. कसा पाठवू?" ताट बाजूला सारत म्हणाल्या, "इतकी वर्षं एकाच बाजूनं बघत बसले रे मी."

परतताना अश्विनी त्यांच्या शेजारी बसली. सीताफळाच्या सालीचे तुकडे जोडत, मोडत दोघींची वादावादी चालली होती. तिचं घर पडेगावला.

"पडेगाव! उतरायचं का नाय?" ड्रायव्हर ओरडला.

"व्हय, व्हय, थांबा," अश्विनी म्हणाली. पण उठली नाही. बस पुढे निघाली.

मॅडम महिनाअखेरीस निवृत्त झाल्या. पिळलेल्या तुकड्यावर उपाय अजून सापडलेला नाही. निबंधाच्या नव्या मसुद्यावर दोन नावं आहेत, पहिलं अश्विनीचं.