हार हातात, बावीस मिनिटं

डावा तळहात समोर धरून मास्तर म्हणायचे, "थांबा. अजून संपलं नाई." मध्य प्रदेशातल्या बालाघाटात तुम्ही एखाद्या वरातीत नाचला असाल, तर तो हात तुम्हीही पाहिला असेल. बहुधा वैतागलाही असाल.

लग्नांत वाजवणाऱ्या आमच्या बँडचे ते प्रमुख, आणि मी वरातीबरोबर ढकलत न्यायच्या ठेल्यावर कॅसिओ कीबोर्ड वाजवणारा. एकदा एका नवरदेवाच्या मोबाइलवर त्यांनी परदेशी रॉकचं लांबलचक गाणं ऐकलं. गिटारीमागे अख्खा वाद्यवृंद, मध्येच ताल बदलतो, मध्येच सगळं शांत, तोच पुन्हा उसळी. ऐकून झाल्यावर म्हणाले, "एकच गानं, वीस मिनिटं, अन् कोनी बंद कर म्हनत नाई! मंग आपल्यालेच काहून म्हनते?"

त्या रागातून त्यांनी स्वतःचं गाणं बसवलं. बावीस मिनिटांचं. सहा ट्रम्पेट, दोन क्लॅरिनेट, ढोल, माझा कॅसिओ आणि जनरेटरवर चालणारी एक गिटार. सुरुवात राईस मिल चालू होते तशी: आधी पायाखाली थरथर, मग पट्टा वेग घेतो, मग शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पुढे सात मात्रांचा ताल यायचा आणि नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकायचे. मग अचानक एकटी क्लॅरिनेट, अगदी हळू. इथे वऱ्हाडी हमखास टाळ्या वाजवून जेवायला वळायचे. मास्तरांचा हात वर जायचा, पण पंगत सोडून थांबतो कोण? शेवटी सगळे ट्रम्पेट एकदम उठतात, तो भाग आम्ही रिकाम्या रस्त्यालाच ऐकवायचो.

"मास्तर, अर्धं करा न," मी एकदा म्हटलं.

"तुह्या पोराले अर्धंच नाव ठेवलं का तू?"

कामं हातची गेली, पण त्यांनी एक सूर कापला नाही. मला त्यांचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा.

मग त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, दुपारचं. वारासिवनीच्या व्याह्यांनी बँड आमचाच सांगितला. मुलीचा बाप त्या दिवशी वाजवणार नव्हता. त्याचं काम मांडवाच्या दारात हार घेऊन उभं राहायचं. तो हार गळ्यात पडल्याशिवाय व्याही आत पाऊल टाकत नाहीत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. वरात दाराशी पोहोचल्यावर मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी तेच बावीस मिनिटांचं सुरू केलं.

"नाचाचं लावा न भाऊ!" पोरं ओरडली. मास्तर हार धरून, डोळे मिटून उभे. क्लॅरिनेट एकटी पडली तशी, संपलं समजून, व्याह्यांनी मान पुढे केली. मास्तरांनी डावा तळहात वर केला.

"अहो व्याही, हार घाला न! ऊन पाहा किती हाय!" नवरदेवाचे वडील म्हणाले.

"हौ, घालतो. अजून संपलं नाई."

आत जाता येईना, म्हणून सगळी वरात उभी राहिली. आणि ट्रम्पेट उठले. मांडवातल्या बायका हातातलं काम टाकून बाहेर आल्या. ओरडणारी पोरं ठेल्याजवळ सरकली. शेवटचा सूर थांबला तेव्हा टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलं नाही. मास्तरांनी हार घातला आणि व्याह्यांच्याच खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. लोकांना वाटलं, पोरगी जाते म्हणून.

गेल्या हिवाळ्यात मास्तर गेले. वैनगंगेच्या घाटावर आम्ही तेच वाजवलं, पूर्ण. क्लॅरिनेट हळू झाली तशी माणसं चपला शोधू लागली.

तेव्हा त्यांच्या मुलीने डोळे पुसता पुसता डावा तळहात वर केला. मग कुणी हललं नाही.